घेताना एक माप, देताना दुसरे : ताराबाई शिंदे यांची ‘तुलना’ आणि आमच्या गावातले वाद

१

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या छोटेखानी पुस्तकाविषयी मराठीत आता पुष्कळ लिहून झाले आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते आहे, स्त्रीवादी विचारांच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे आणि आठ मार्चच्या भाषणांत त्याचा उल्लेख झाला नाही असे क्वचितच घडते. पण या पुस्तकाचे नाव जितके घेतले जाते तितके ते वाचले जाते का, याविषयी मला शंका आहे. जे वाचतात त्यांच्याही मनात त्याची एक ठराविक प्रतिमा असते : एका संतापलेल्या बाईचा उद्रेक. संताप त्यात आहेच, आणि तो लपवण्याचा लेखिकेने कुठेही प्रयत्न केलेला नाही. तरीही माझे म्हणणे असे की, या पुस्तकाचे खरे मोल संतापापेक्षा त्याच्या वाद घालण्याच्या रीतीत आहे. ही रीत उलगडून पाहिली तर ताराबाईंचे लेखन अधिक नेमके कळतेच, शिवाय आज शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी एस.टी.त, आडतीवर, तहसील कचेरीच्या ओट्यावर बाया-पुरुषांच्या न्यायाविषयी जे वाद रोज झडतात, ते नेमके कुठे अडतात हेही दिसू लागते.

मी या गावात अनेक वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर कान मोकळे झाले, म्हणून हे वाद ऐकत आले आहे. त्यांत एक गोष्ट सारखी जाणवते. वाद सुरू होतो एका विशिष्ट गोष्टीवरून, म्हणजे तिकिटावरून, जमिनीच्या वाट्यावरून, रोजावरून. आणि पाच मिनिटांत तो ‘बायका चांगल्या की पुरुष चांगले’ या चिखलात रुततो. मग कुणी आईचा महिमा सांगतो, कुणी कुठल्याशा बाईने नवऱ्याला कसे छळले ते सांगतो, आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

‘तुलना’ या शब्दाच्या मुळाशी तोलणे आहे, तुळा आहे, तराजू आहे. आमचा भाग तूर, हरभरा आणि सोयाबीनवर जगणारा. मालाचे पोते काट्यावर चढले की शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. काटा मारला तर त्याला बसल्या जागी कळते. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा अन्याय त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. ताराबाईंनी १८८२ साली केले ते एवढेच : हीच नजर त्यांनी घराकडे वळवली.

२

पुस्तकाच्या जन्माची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचे काही तपशील पुढच्या विवेचनासाठी लागतील. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अनौरस अर्भकाला मारल्याचा खटला चालला. तिला आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती जन्मठेप-काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. शिक्षा झाली ती तिला. मुलाच्या बापाला नाही. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत विधवांच्या, आणि मग एकूणच स्त्रियांच्या, नीतीवर झोड उठली. ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रातील लेखनाने ताराबाई पेटल्या आणि त्यांनी हा निबंध लिहिला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. घरी चार भाऊ आणि ही एकुलती मुलगी, नवरा घरजावई. खटला ब्राह्मण विधवेचा आणि तिची बाजू घेणारी बाई मराठा घरातली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. त्यातही एक बाब मराठवाड्यातल्या वाचकाने ध्यानात घ्यावी. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, पण १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता. आमचा मुलूख मात्र थेट निजामाच्या अमलात राहिला तो १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. एकाच राज्याचे हे दोन भाग. पण एकाकडे मराठी छापखान्यांचे आणि वर्तमानपत्रांचे जग लवकर पोचले, दुसऱ्याकडे दरबारी भाषा उर्दू होती आणि मराठी शाळा हीसुद्धा मागून घ्यायची गोष्ट होती. बुलढाण्यातली बाई पुण्याच्या पत्राला उत्तर देऊ शकली, यामागे तिची बुद्धी होती तसा हा भूगोलही होता.

पुस्तकाचे स्वागत कडवट झाले. सत्यशोधकांच्या वर्तुळातही त्याची टवाळी करणारे निघाले. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची पाठराखण केली आणि त्यांचा मुलीसारखा उल्लेख केला. त्यानंतर हे पुस्तक जे नाहीसे झाले ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर आले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही.

३

आता रीतीकडे येऊ.

निबंधाच्या मुखपृष्ठावरच ताराबाईंनी आपला प्रश्न सांगितला आहे : स्त्री आणि पुरुष यांत अधिक साहसी कोण? आजचा वाचक इथेच फसतो. ‘साहसी’ म्हणजे धाडसी, शूर, असे समजून तो पुढे जातो आणि त्याला वाटते की बाईने पराक्रमाची स्पर्धा मांडली आहे. जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा अपराधाचा प्रकार आहे. बळजबरीने, बेगुमानपणे केलेले दुष्कृत्य. संस्कृत सुभाषितांनी स्त्रीवर ठेवलेल्या दोषांच्या यादीत हा शब्द त्याच अर्थाने येतो. म्हणजे ताराबाईंचा प्रश्न गौरवाचा नसून गुन्ह्याचा आहे. ‘बायका श्रेष्ठ’ हा त्यांचा सिद्धान्तच नाही. फिर्याद दुसऱ्यांनी लावली. त्या म्हणतात, ठीक, आता ती दोघांवर लावून पाहू.

त्यांच्या मांडणीत मला तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी : आरोप मोघम ठेवायचा नाही. स्त्री संशयी आहे, कपटी आहे, उद्धट आहे, अविश्वासू आहे, ही सगळी यादी त्या एकेक कलम करून घेतात. ‘बायकांची जात’ अशा शब्दप्रयोगाने उभा राहिलेला धुरळा त्यामुळे खाली बसतो. प्रत्येक दोषाला एक कृती लागते, आणि कृती म्हटली की ती कुणी, कधी, कुणाशी केली हे विचारता येते.

दुसरी पायरी : तीच कृती पुरुषाने केली तर तिला काय म्हणतात, ते पाहायचे. बायको मेली की दहाव्याच्या सुमारास दुसरी पाहायला निघणारा नवरा आणि नवरा मेल्यावर केशवपन करून कोपऱ्यात बसवलेली बायको ही दोन माणसे त्यांनी शेजारी उभी केली आहेत. पतिव्रतेच्या कथांकडेही त्या याच नजरेने पाहतात. सावित्रीने यमाच्या मागे जाऊन नवरा परत आणला; बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कुणी दाखवील काय? आणि नवऱ्याला देव मानायचे असेल तर देवासारखे वागण्याची जबाबदारी कुणाची? हे प्रश्न ऐकायला टोमण्यासारखे वाटतात, पण त्यांत तर्काची चूक काढणे अवघड आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सहसा नजरेतून सुटते. कृती झाली तेव्हा कुणाच्या हातात काय होते, हे ताराबाई विचारतात. बाई अज्ञानी आहे, हा आरोप. तिला शिकू कुणी दिले नाही? ती घराबाहेरच्या जगाला भुलते, हा आरोप. जग तिला दाखवले कुणी नाही? विधवेचे पाऊल घसरले. तिला पुनर्विवाहाची वाट कायद्याने १८५६ सालीच मोकळी केली असताना समाजात ती बंद कुणी ठेवली? नुसती अदलाबदल करून पाहणे ही दुसरी पायरी झाली. ती इथेच सोडली तर वाद तू-तू-मी-मी होतो. तिसऱ्या पायरीवर आले की दोषाबरोबर सत्ताही काट्यावर चढते.

या रीतीचे वेगळेपण कळायला त्याच साली, त्याच पुण्यात निघालेले दुसरे पुस्तक शेजारी ठेवावे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२चेच. रमाबाई व्युत्पन्न, संस्कृतात वाढलेल्या. त्यांचे पुस्तक स्त्रियांना उद्देशून आहे. शिका, आळस सोडा, स्वतःची उन्नती स्वतः करा, असा त्याचा सूर आहे. पुढे रमाबाईंचे जीवन आणि लेखन याच्या फार पलीकडे गेले, हे सर्वश्रुत आहे. पण १८८२ मध्ये रमाबाई बायकांकडे तोंड करून बोलतात आणि ताराबाई पुरुषांकडे. एकीच्या हाती आरसा आहे, दुसरीच्या हाती काटा. सुधारणेच्या चळवळीला आरसा नेहमीच अधिक आवडत आला आहे, कारण त्यात आरसा धरणाऱ्याला स्वतःकडे पाहावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेशी उचलून धरलेली नाही. ताराबाई ‘मुक्तामाला’सारखी कादंबरी आणि ‘मनोरमा’सारखे नाटक यांतल्या बायकांचीही झडती घेतात. पुरुष लेखक वाईट बाई रंगवतात ती कुठून आणतात? आणि तिला बिघडवणारा त्यांच्या कथेत इतका धूसर का असतो? मराठीत साहित्यसमीक्षा नुकती कुठे बोलू लागली होती, त्या काळात एका बाईने पात्रचित्रणातला दुटप्पीपणा असा पकडावा, हे विलक्षण आहे. ताराबाईंना आपण ‘पहिल्या स्त्रीवादी’ म्हणून नमस्कार करतो. ‘पहिल्या समीक्षकांपैकी एक’ म्हणून त्यांना वाचायचे राहून गेले.

४

रीत खरी असेल तर ती आजच्या वादात चालली पाहिजे. चालवून पाहू.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.च्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट झाले. त्या दिवसापासून लातूरच्या गाडीत एक वाक्य नेमाने ऐकू येते : “बायकांना अर्धं, मग आम्ही काय घोडं मारलं?” पहिली पायरी : आरोप काय? सवलत देणे अन्यायाचे आहे. दुसरी पायरी : हीच कृती दुसऱ्याच्या बाबतीत झाली तर? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. मोफत आहे. त्यात आजोबाही आहेत. त्यांच्याविरुद्ध गाडीत अवाक्षर निघत नाही. म्हणजे खटकते ती सवलत नव्हे. तिसरी पायरी : कुणाच्या हातात काय होते? दवाखान्याला जायचे तर तिकिटाचे पैसे मागून घ्यावे लागणारी बाई आणि चहाच्या टपरीवर सुटे मोजणारा बाप्या यांच्या खिशांत फरक आहे. बाईच्या लुगड्याला तर खिसाच नाही. पण याच पायरीवर तक्रारीतले जे खरे आहे तेही वर येते. रोजंदारीवर जाणारा गडी पूर्ण भाडे भरतो आणि बागायतदाराची बायको निम्मे, हे काही न्यायाचे नाही. ते सांगण्याचा हक्क त्या गड्याला आहे. फक्त तो भांडणारा बागायतदाराशी असला पाहिजे, शेजारच्या सीटवरच्या मजूर बाईशी नव्हे.

दुसरा वाद लग्नाचा. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, हे आमच्या भागातले खरे दुःख आहे आणि त्याची चेष्टा करू नये. तीस-पस्तिशीतली धडधाकट, कष्टाळू मुले गावोगाव बिनलग्नाची आहेत. आरोप असा की, मुलींना नोकरीवालाच पाहिजे, मुली फार हिशेबी झाल्या. आता अदलाबदल करून पाहा. आजवर मुलगी पाहायला गेलेल्यांनी रंग, उंची, शिक्षण आणि हुंडा या चारही गोष्टी मोजल्या. त्याला ‘स्थळ पाहणे’ म्हणतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा आहे, आणि २०१७ साली लातूर जिल्ह्यातच एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या लग्नाचे ओझे बापाला नको म्हणून जीव दिला. मुलगी मोजू लागली की मात्र ती हिशेबी. तिसरी पायरी याहून कडू आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. आज बिनलग्नाच्या राहिलेल्या पोरांच्या वाट्याला आलेली ही टंचाई कुठल्या मुलीने केली नाही. जन्माच्या वेळी मारलेला काटा लग्नाच्या वेळी उघडा पडला.

पुरुषांची तक्रार प्रत्येक वेळी पोकळच असते असे समजायचे कारण नाही. भारतीय दंडविधानाचे ४९७ कलम १८६० पासून व्यभिचारासाठी फक्त पुरुषाला शिक्षा सांगत होते. वरवर पाहता हा पुरुषांवर अन्याय. पण कलम वाचले तर कळते की नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. म्हणजे बाई ही नवऱ्याची वस्तू, आणि वस्तू परवानगीने वापरली तर चोरी कसली? ते रद्द करावे म्हणून एक पुरुष सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द झाले. ताराबाई लिहीत होत्या तेव्हा हे कलम अमलात होते. एकच माप लावले की त्यात बाईचा अपमान आणि पुरुषावरचा अन्याय दोन्ही एकाच वेळी सापडतात. एक माप मागणाऱ्याला पुरुषांच्या तक्रारीची भीती वाटण्याचे कारण नसते.

५

सर्वांत अवघड वाद जमिनीचा आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हिस्सा दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून तोही भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. कायद्याचा काटा असा तीन वेळा दुरुस्त झाला. गावात मात्र बाप गेला की वारस लावताना बहिणींची नावे सातबाऱ्यावर चढतात आणि काही दिवसांत हक्कसोड पत्रावर सह्या होऊन उतरतात. बहिणीला साडीचोळी, जेवण, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर रसवंतीवर एक ग्लास रस.

इथे भावांच्या बाजूने तीन मुद्दे येतात. पहिला : लग्नात खर्च केला, हुंडा दिला. म्हणजे जे देणे कायद्याने गुन्हा आहे त्याची वजावट, जे देणे कायद्याने हक्क आहे त्यातून. शिवाय भावाच्याही लग्नात खर्च झालेला असतो. तो कुणी वजा करीत नाही. दुसरा : वाटा मागितला की माहेर तुटते. एक भाऊ आपला हिस्सा विकून लातूरला घर बांधतो तेव्हा तो ‘पुढे गेला’. बहीण हिस्सा मागते तेव्हा तिने ‘माहेर कोर्टात ओढले’. तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे : म्हाताऱ्या आई-बापाला आम्ही सांभाळले. हे अनेक घरांत खरे असते. पण मग विचारावे लागते, सांभाळले कुणी? अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे काढले ते सुनेने. सेवेचा मोबदला जमीन असेल तर जमीन सुनेच्या नावे झाली पाहिजे. तसे कुठे होताना मी पाहिलेले नाही. १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शरद जोशींच्या सांगण्यावरून अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ती गावे आजही उदाहरण म्हणून सांगावी लागतात, यातच सगळे आले.

माझ्या कपाटात असाच एक हक्कसोडीचा कच्चा मसुदा दोन वर्षे पडून आहे. माझा भाऊ वाईट माणूस नाही. राखीला येतो, आजारपणात धावून येतो. त्याला वाटते मी पेन्शनवाली, मला जमिनीचे काय काम? मला काम नसेलही. पण त्याची दोन्ही पोरे शहरात नोकरीला आहेत आणि त्यांना जमिनीचे काय काम, हे त्याने त्यांना विचारलेले नाही. सही मी केलेली नाही. करणार असेन तर दान म्हणून करीन, उपचार म्हणून नव्हे; आणि दान द्यायला वस्तू आधी आपली आहे असे दोघांनी मान्य करावे लागते. आमच्या दोघांचे बोलणे सध्या त्या एका शब्दावर अडले आहे.

६

पुस्तकाची रीत इतकी मानल्यावर तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत.

ताराबाईंच्या तराजूला दोनच पारडी आहेत : एकात स्त्री, एकात पुरुष. आयुष्यात बाई एकाच पारड्यात बसून राहत नाही. आपल्या भावाला सही द्यायला मन न होणारी बाई, नणंदांनी मात्र आपल्या नवऱ्याला मुकाट सही द्यावी अशी अपेक्षा धरते. नणंद म्हणून ती फसवली जाते आणि भावजय म्हणून तिलाच फायदा होतो. दुटप्पीपणा ही पुरुषांची मिरास नाही. ज्याच्या बाजूला काटा झुकला त्याला तो सरळच दिसतो. ताराबाई पुरुष नावाच्या एकसंध प्रतिपक्षाशी भांडत होत्या. त्या खटल्याच्या निमित्ताला ते साजेसेही होते. पण सासू-सून, नणंद-भावजय यांच्यातल्या हिशेबाला त्यांची मांडणी पुरत नाही. पतिव्रता या आदर्शाचा ढोंगीपणा त्या उघड करतात, तो आदर्श मात्र पुरता मोडीत काढत नाहीत. कुळवंत घराबाहेरच्या, बाजारात बसलेल्या बायकांविषयी त्यांची लेखणी कठोर होते आणि तिथे तिसऱ्या पायरीचा, कुणाच्या हातात काय होते या प्रश्नाचा, त्यांना विसर पडतो.

दुसरी मर्यादा जातीची आणि श्रमाची. ‘तुलना’च्या सत्तावीस वर्षे आधी, १८५५ साली, ‘ज्ञानोदय’मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीचा निबंध आला होता. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते हे सांगितले आहे. वय अवघे चौदाच्या आतबाहेर. मुक्ताने मांडलेली तुलना स्त्री-पुरुषांची नाही; ती छप्पर असलेल्यांची आणि नसलेल्यांची आहे. आमच्या तालुक्यात सोयाबीनच्या खुरपणीला जाणाऱ्या भूमिहीन बायांपुढे मी हक्कसोडीचा वाद मांडला तेव्हा त्या नुसत्या हसल्या. सोडायला हक्क हवा आणि हक्काला आधी जमीन हवी. त्यांचा वाद रोजाचा आहे. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ चा. शिवारात गड्याचा रोज एक आणि बाईचा त्याहून कमी, कारण गड्याचे काम ‘जड’. दिवसभर वाकून खुरपणे हलके कुणी ठरवले, हा प्रश्न ताराबाईंच्या रीतीनेच विचारता येतो. पण तो विचारायची निकड मुक्ताच्या निबंधातून येते. ही दोन लेखने एकत्र शिकवली जावीत, असे मला वाटते. एकीकडे काटा तपासण्याची रीत आहे. काट्यापर्यंत पोचूच न शकलेल्यांची आठवण दुसरीकडे आहे.

७

मग आज या पुस्तकाचे काय करायचे?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितले. विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर एकशे एकेचाळीस वर्षांनी. आमच्या बाजूचे हिसामाबाद-उजेड हे गाव महात्मा गांधींच्या नावाने जत्रा भरवते. देवाऐवजी माणसाच्या नावाने जत्रा भरवण्याइतकी कल्पकता ज्या मुलखात आहे, तिथे असा ठराव होणे अवघड नाही. पण ठरावाने बांगडी वाचते. ‘ती मंगळागौरीला नको’ असे हळूच सांगणारा आवाज वाचतोच. त्या आवाजाला दर वेळी जागच्या जागी, न चिडता, ‘मग विधुर चालतो का?’ एवढे विचारणारे कुणी तरी लागते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सभेत हा प्रश्न विचारायला जागा आहे. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसत नसतील तर.

ताराबाईंचे उत्तर त्यांच्या काळात कुणी खोडून काढले नाही. त्यांच्या मुद्द्यांना कलमवार प्रत्युत्तर देणारा निबंध मला कुठे आढळलेला नाही. त्यांना मिळाली ती टवाळी, आणि ती परक्यांइतकीच आपल्यांकडूनही. गावातल्या वादाचा शेवटही बहुधा असाच होतो. बाईचा मुद्दा बिनतोड ठरला की कुणीतरी म्हणते, “लई शिकली, म्हणून बोलती,” सगळे हसतात आणि विषय बदलतो. हसणे हे उत्तर नव्हे, हे त्या क्षणी ठामपणे सांगितले पाहिजे; आणि ते बाईनेच सांगावे असेही नाही. १८८५ साली ते एका पुरुषाने, छापील पानावर, आपल्याच सहकाऱ्यांना सांगितले होते.